तेवीस एप्रिलचे दोघे

केडगाव, ता. दौंड

चि. सोनूस,


तुझं पत्र मिळालं. मेरी क्युरींचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ चा, चंद्रशेखर वेंकट रामन यांचा ७ नोव्हेंबर १८८८ चा, आणि तूही त्याच तारखेची. तेव्हा बारावीनंतर पदार्थविज्ञानच घ्यायचं हे जणू ठरूनच आलं आहे, असं तू लिहितेस. तू पदार्थविज्ञान घेतलंस तर मला मनापासून आनंद होईल. पण एवढा मोठा निर्णय तू ज्या खांबावर उभा करते आहेस तो खांब पोकळ आहे, आणि हे आत्ताच सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं.

आधी हिशेब पाहू, कारण हिशेबाला तू मानतेस. एका खोलीत २३ माणसं असली, तर त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक असते. पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही, कारण आपण मनात आपलीच तारीख धरून बसतो. २३ जणांच्या जोड्या लावून बघ, २५३ होतात. चाळीस मुलांच्या वर्गात ७८० जोड्या होतात, आणि तिथे अशी जोडी सापडण्याची शक्यता शंभरात नव्वदच्या जवळ जाते. आता शास्त्रज्ञांची यादी घे. चार-पाच शतकांतले नावाजलेले शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर मोजायला बसलीस तर ते हजारांत जातील, आणि वर्षाचे दिवस ३६५. म्हणजे कुठलीही तारीख रिकामी राहणं अवघड आहे. ३१ मार्च घेतलास तर देकार्त (१५९६), आपल्या आनंदीबाई जोशी (१८६५) आणि स्फटिकांचा अभ्यास करणारे लॉरेन्स ब्रॅग (१८९०) एका रांगेत येतात. १७ जानेवारीला बेंजामिन फ्रँकलिन आणि डहाणूत जन्मलेले, देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता गणित करणारे द. रा. कापरेकर. तू कुठल्याही दिवशी जन्मली असतीस तरी कुणीतरी थोर सोबतीला मिळालंच असतं. जी गोष्ट प्रत्येकाला मिळते ती तुझ्यासाठी खास खूण कशी ठरेल?

यावर तू म्हणशील, नुसती तारीख नव्हे, तारीख आणि वर्ष दोन्ही जुळलं तर? तसं उदाहरण आपल्या गावातच आहे. पंडिता रमाबाई, ज्यांच्या मुक्ती मिशनमुळे केडगावचं नाव जगात गेलं, त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. त्याच वर्षी, त्याच दिवशी जर्मनीतल्या कील गावी माक्स प्लांक जन्मले. प्लांक यांचे वडील कायद्याचे प्राध्यापक. घरात पुस्तकं, संगीत, पुढे म्युनिकमध्ये उत्तम शाळा. भौतिकशास्त्रात आता शोधण्यासारखं फार उरलेलं नाही, असं एका प्राध्यापकाने सांगूनही ते त्यातच राहिले आणि १८७९ मध्ये डॉक्टरेट झाले. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवायचं धाडस करणारे. तीर्थयात्रा आणि पुराणं सांगणं यांवर घर चालायचं. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. भावाबरोबर पायी हिंडत त्या कलकत्त्याला पोचल्या, आणि १८७८ मध्ये तिथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. विशीतच दोघांची विद्वत्ता मान्य झाली, हे साम्य मलाही मोहवतं. पण त्यामागचं कारण शोधायला गेलं की तारीख कुठेच सापडत नाही. एकाला विद्यापीठ मिळालं, दुसरीला शिकवणारे आई-बाप मिळाले. पुढे प्लांक यांनी १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये ऊर्जा ठरावीक पुड्यांतच बाहेर पडते असं धरून आपलं सूत्र मांडलं. त्याच काळात रमाबाई केडगावात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना खाऊ काय घालायचं आणि शिकवायचं काय, याच्या विवंचनेत होत्या. बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलं, आणि ते इथल्याच छापखान्यात मुक्तीतल्या बायकांनी छापलं. शिशाचे उलट्या अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवायचे, काना-मात्रा आणि जोडाक्षरं सांभाळायची, पुन्हा मुद्रितं तपासायची, हे काम ज्या हातांनी केलं त्या हातांच्या जन्मतारखा कुणी विचारल्या नाहीत.

तुझ्या आजीचा आक्षेप मला ठाऊक आहे: दिवस एक असला तरी वेळ आणि स्थळ वेगळं, म्हणून पत्रिकेतलं लग्न वेगळं, म्हणून आयुष्य वेगळं. पण लग्न साधारण दोन तासांनी बदलतं. त्या एका दिवशी जगभरात लाखभर तरी मुलं जन्मली असतील. त्यांना दोन-दोन तासांत वाटलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला हजारो जोडीदार उरतातच, आणि त्यांतले प्लांक किती झाले? शिवाय याची परीक्षा पुण्यातच झालेली आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून कुठली कोणाची ते सांगितलं. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती.

आणि तारीख म्हणजे तरी काय? न्यूटन यांचा जन्म इंग्लंडच्या जुन्या पंचांगाप्रमाणे २५ डिसेंबर १६४२ चा, आजच्या पंचांगाप्रमाणे ४ जानेवारी १६४३ चा. अणुविखंडनाचा अर्थ उलगडणाऱ्या लीझ माइटनर ७ नोव्हेंबरलाच वाढदिवस करायच्या, पण व्हिएन्नातल्या ज्यू समाजाच्या नोंदवहीत त्यांची तारीख १७ नोव्हेंबर आहे. इतकं लांब कशाला, आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर उघड. १ जूनला जन्मलेल्यांची रांग लागलेली दिसेल. घरच्यांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. दाखल्यावर गुरुजींनी घातलेली तारीख घेऊन त्या मुलांनी कुठल्या शास्त्रज्ञाचं बोट धरायचं? त्यांना विज्ञान वर्ज्य आहे का?

तुझा खरा आक्षेप मात्र वेगळा असेल, आणि तो वजनाचा आहे: खोटं का असेना, त्याने उमेद वाढते, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते असं. ज्या दिवशी गणित सुटणार नाही त्या दिवशी हीच खूण उलटेल. क्युरींची तारीख असूनही मला जमत नाही, म्हणजे माझ्यातच खोट आहे, असं तुला वाटू लागेल. क्युरींनी ती तारीख पाठीशी घेऊन काम केलं नव्हतं. गळक्या छपराच्या शेडमध्ये उकळतं खनिज त्या आपल्याच उंचीच्या लोखंडी दांड्याने दिवसभर ढवळत असत. टनावारी खनिज उपसून १९०२ मध्ये हाती आलं ते जेमतेम दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड. रामन १९०७ पासून दहा वर्षं सरकारी हिशेब खात्यात नोकरी करत होते, आणि प्रयोग सकाळी कचेरीच्या आधी आणि संध्याकाळी कचेरी सुटल्यावर. समुद्राच्या निळ्या रंगाचा प्रश्न त्यांनी १९२१ च्या बोटीच्या प्रवासात उचलला, आणि त्यातून सुरू झालेल्या प्रकाशाच्या कामात मोठा शोध लागला तो १९२८ मध्ये. आपला देश राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो तो २८ फेब्रुवारीला, म्हणजे रामन यांच्या शोधाच्या तारखेला. ७ नोव्हेंबरला नाही, आणि हे मला फार योग्य वाटतं. वाढदिवसाच्या निमित्ताने तू या दोघांची चरित्रं वाचलीस, तर त्या योगायोगाचं मी स्वागतच करीन. फक्त वाचताना जन्माच्या ओळीपाशी थांबू नकोस, कामाच्या वर्षांपाशी थांब.

पदार्थविज्ञान घ्यावं की नाही, हे ठरवायला तुझ्या हाताशी याहून चांगलं साधन आहे. प्रयोगशाळेत साध्या लोलकावरून गुरुत्वत्वरण काढताना उत्तर ९.८ च्या ऐवजी ९.१ आलं, तर वहीत आकडा जुळवून मोकळं व्हावंसं वाटतं, की दोरी पुन्हा मोजावी, आंदोलनं पुन्हा मोजावीत, चूक कुठे शिरली ते शोधावं असं वाटतं? पुढच्या काही प्रॅक्टिकल्सना स्वतःकडे नीट लक्ष दे आणि जे दिसेल ते खरं खरं कळव. दुसरी गोष्ट दिसली, तर पदार्थविज्ञानासाठी तुझ्या बाबांशी मी बोलेन.

तुझा,
मामा