माळरानावरचा मुक्काम : नांदेड-लातूरच्या पठारावर

बालाघाटची रांग बीडकडून आग्नेयेला सरकत लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत शिरते तेव्हा तिचा डोंगरपणा बराच ओसरलेला असतो. अहमदपूर, चाकूर, उदगीर, मुखेड, कंधार या पट्ट्यात उरतात ती मुरमाड पठारे, त्यांच्या कडांवरून उतरणारे ओढे आणि खाली पसरलेली काळी रानं. सह्याद्रीतल्यासारखी गुहेची किंवा टाक्याच्या पाण्याची सोय इथल्या माळावर नसते. दिवा नाही, नळ नाही, शौचालय नाही, आडोसा म्हणावा तर चार बाभळी आणि एखादा पळस. अशा जागी एक-दोन रात्री स्वतःच्या शिधापाण्यावर काढायच्या, तर दोन गोष्टींची तयारी आधी लागते : जमिनीची परवानगी आणि पाणी. तंबू, पिशवी, चूल यांचा विचार त्यानंतरचा.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील उंच, कोरड्या प्रदेशात ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या ताब्यातील बहुतेक मोकळ्या जमिनीवर परवान्याशिवाय तंबू ठोकता येतो. एका जागी साधारण १४ दिवस राहण्याची मुभा असते. महाराष्ट्रात असा सरसकट हक्क देणारा कायदा नाही. मराठवाड्यात तर मोकळी दिसणारी प्रत्येक जमीन कोणाच्या तरी नावावर असते आणि बहुधा कोणाच्या तरी वापरातही असते. पडीक वाटणारा माळ शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरचा असतो, गायरान असतो, वन खात्याचा असतो किंवा एखाद्या देवस्थानाचा. भूमी अभिलेख विभागाच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर गाव निवडून गट नंबर पाहता येतो आणि त्यावरून सातबारा काढता येतो. निघण्याआधी एवढे काम घरबसल्या होते आणि ते करावेच.

गायरानाची मालकी शासनाची, पण ते राखले जाते गावच्या गुरांसाठी. तिथे रात्र काढायची तर सरपंच किंवा ग्रामसेवकाला विचारावे आणि पोलीस पाटलाला किती माणसे, कोणत्या गाडीने, किती दिवस हे सांगून ठेवावे. गावाबाहेर रात्री हलणारे उजेड दिसले की गाव जागे होते; चोरीच्या धास्तीने चार तरुण काठ्या घेऊन आले तर त्यांचे काही चुकले असे म्हणता येत नाही. दिवस मावळण्याआधी गावात जाऊन, चहाच्या टपरीवर बसून, कोण आहोत आणि कशासाठी आलो हे सांगितले की बहुतेक वेळा जागाही गावच दाखवते. खासगी रानात मालकाचा होकार पुरतो, मात्र तो मालकाचाच हवा. वाटेत भेटलेल्या सालगड्याला विचारून तंबू लावला तर अडचण त्याची होते.

राखीव वनाची गोष्ट वेगळी. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे राखीव वनात विनापरवाना घुसणे आणि आग पेटवणे हे गुन्हे आहेत. पैनगंगा अभयारण्यात, म्हणजे यवतमाळ-नांदेडच्या सीमेवरच्या जंगलात, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो आणि परवानगीशिवाय प्रवेशही नाही. किनवट-माहूरच्या सागवानी रानात म्हणून उघड्यावर तंबू लावण्याचा विचारच करू नये. तिथे अस्वल आणि बिबट्या आहेत, आणि वाघाची ये-जा आहे. शेजारच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक नर वाघ २०१९ मध्ये शेकडो किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला; टिपेश्वरचाच आणखी एक वाघ डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात दिसला. ही वाटचाल शेतांतून आणि ओढ्यांतूनच झालेली आहे. किनवटकडे जाणाऱ्यांनी वन खात्याचे विश्रामगृह मिळते का ते आधी पाहावे. माहूरला भाविकांसाठी निवासाची सोय आहे.

कंधार, उदगीर, औसा आणि माहूर हे चारही किल्ले दिवसा पाहण्याचे. कंधारचा खंदक आणि उदगीरची तटबंदी पाहिली की आत रात्र काढायचा मोह होतो, पण ऐतिहासिक वास्तूत तंबूचे खुंटे ठोकणे आणि चूल मांडणे म्हणजे तिचे नुकसानच. किल्ला पाहून मुक्काम बाहेर करावा. आणखी एक जागा सोडून द्यावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर किल्लारी आणि परिसरातील अनेक गावे नव्या जागी वसली. जुनी गावठाणे नकाशावर रिकामी दिसतात. तिथे हजारो माणसे गेली. त्या मातीवर सहलीचा तंबू लावू नये.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. पावसाळ्यात काळी माती चाकांना आणि बुटांना अशी धरते की शंभर पावले टाकणे कष्टाचे होते, आणि ओल्या चिखलात खुंटाही धरत नाही. मार्चपासून ऊन चढते; एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्रीही जमीन तापलेली राहते. डिसेंबर-जानेवारीत दिवस उबदार असतात, पण पहाटे तापमान दहा अंशांच्या आसपास किंवा खाली येते आणि पठारावर वारा झोंबतो. उबदार झोपायची पिशवी आणि जमिनीकडून येणारी थंडी अडवणारी जाड चटई, दोन्ही लागतात. याच दिवसांत ज्वारी हुरड्यावर येते. मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, लातूरकडची येळवस, या दिवशी घरेच्या घरे रानात असतात. कडब्याची कोप करून पूजा होते आणि भज्जी, आंबील, उंडे यांचे जेवण बांधावर होते. त्या दिवशी वाटेने जाणाऱ्यालाही जेवायला बसवतात. बसावे, तंबू मात्र त्या दिवशी दुसऱ्याच्या रानात लावू नये.

फेब्रुवारीपासून अवकाळीचा धोका सुरू होतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेल्या गारपिटीने उभी पिके झोडपली. तशा गारांपुढे कापडी तंबू टिकत नाही. त्याहून मोठे भय विजेचे. सपाट माळावर माणूस आणि एकटे झाड हेच सर्वांत उंच असतात. ढग भरून आले की झाडाखालून आणि पठाराच्या माथ्यावरून निघावे, गाडीत किंवा पक्क्या घरात जावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे दामिनी अॅप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. ते आधीच मोबाइलमध्ये असू द्यावे.

जागा निवडायची तर मेंढपाळाचे बिऱ्हाड कुठे उतरते ते पाहावे. तो ओढ्याच्या पात्रात उतरत नाही, कारण वरच्या अंगाला झालेल्या पावसाने कोरडा ओढा घटकाभरात भरतो. शिवाय रात्रीची थंडी खोलगटातच साचते. सर्वांत चांगली जागा म्हणजे पठाराच्या कडेपासून थोडी आत, किंचित उताराची, मुरमाड जमीन. काळ्या रानाला उन्हाळ्याकडे भेगा पडतात आणि त्या भेगांत विंचू, साप राहतात. मुरूम टणक असल्याने खुंटे आत जात नाहीत. स्वतःच्या कांबींवर उभा राहणारा तंबू आणावा आणि दोऱ्या दगडांना बांधाव्या. खाली जाड ताडपत्री हवी, बाभळीचा काटा पातळ कापड सहज फाडतो. कुसळी गवत पिकलेले असेल तर कुसळे मोज्यांतून थेट कातडीत घुसतात, म्हणून पायाला गेटर किंवा जाड कापड गुंडाळावे. पाणवठ्यापासून निदान साठ मीटर लांब राहावे. पहाटे तिथे लाल कंधारी आणि देवणी गुरे येतात, रात्री कोल्हे-लांडगे येतात, आणि माणूस बसलेला दिसला की जनावर तहानेले परतते.

धरणाच्या काठाचा मोह सर्वांनाच होतो. लिंबोटीचे किंवा बारूळचे पाणी संध्याकाळी खरोखर सुंदर दिसते. पण पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली सपाट जमीन म्हणजे गाळपेर. तिथे शेतकरी पीक घेतात. त्यावरून गाडी नेली तर कोणाची तरी पेरणी तुडवली जाते. भिंतीच्या आणि सांडव्याच्या आसपास थांबायला मनाई असते. पैनगंगेवर सहस्त्रकुंडला धबधब्याच्या खडकांवर मुक्काम करू नये : वरच्या बाजूला इसापूरचे धरण आहे आणि सोडलेले पाणी आभाळाला विचारून येत नाही.

पाणी सोबत न्यावे, गावावर अवलंबून राहू नये. मांजरा धरण आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. ज्या जिल्ह्याने हे पाहिले तिथे कोणाच्या हापशावर वीस लिटरचा जार लावून उभे राहणे शोभत नाही. हिवाळ्यात माणशी दिवसाला पिण्याचे चार लिटर, स्वयंपाक आणि धुण्यापुसण्याला दोन लिटर धरावे. चौघांच्या एका रात्रीला जवळपास पंचवीस लिटर झाले. विहिरीचे किंवा ओढ्याचे पाणी घ्यावेच लागले तर गाळून उकळावे, पण उकळल्याने जंतू मरतात, विरघळलेले क्षार जात नाहीत. भांडी राखेने किंवा मातीने घासून पुसली की जवळजवळ पाणी लागत नाही. साबणाचे पाणी ओढ्यात कधीही सोडू नये. शौचासाठी खुरप्याने वीतभर खोल खड्डा काढून नंतर बुजवावा, आणि कागद, सॅनिटरी पॅड, ओले रुमाल पिशवीत परत न्यावे.

आग हा सर्वांत नाजूक विषय. वन खाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरते, पण माळावरचे गवत डिसेंबरातच वाळून कोळ झालेले असते. एका ठिणगीने गायरान पेटले की गुरांचा चाऱ्याचा हंगामच जातो. स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवर करावा. शेकोटी हवीच असेल तर मालकाला विचारून, नांगरलेल्या मोकळ्या रानात, लहान, आणि शेजारी पाण्याची बादली ठेवून. बांधावर रचलेल्या तुराट्या-पऱ्हाट्या बेवारस नसतात. ते कोणाच्या तरी घरचे वर्षाचे जळण असते.

रात्रीचा मोठा धोका श्वापदांपेक्षा तारांचा आहे. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी कुंपणाला झटका मशीन लावलेले असते, आणि काही ठिकाणी बेकायदा थेट वीजप्रवाह सोडलेला असतो. अंधारात बांध ओलांडू नये, तारेला हात लावू नये, रस्ता सोडून शेतातून जाऊ नये. जागलीला बसलेल्या शेतकऱ्याच्या दिशेने बॅटरीचा झोतही मारू नये.

नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चारही विषारी साप या भागात आहेत. उघड्यावर झोपणाऱ्यासाठी मण्यार विशेष घातक, कारण ती रात्री फिरते, अंथरुणात शिरते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. पहाटे पापण्या जड होणे, पोटात दुखणे, बोलणे जड होणे अशी लक्षणे दिसली तर चावल्याची खूण शोधत बसू नये. तंबूची चेन सतत बंद ठेवावी, बूट आत घ्यावेत आणि घालण्याआधी झटकावेत. दंश झाला तर अवयव हलू न देता रुग्णाला निजवून ठेवावे. आवळून बांधू नये, कापू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ वर फोन करून प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. मोठी शासकीय रुग्णालये नांदेड आणि लातूर शहरांत आहेत. जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कोणते हे निघण्याआधीच लिहून ठेवावे. लाल विंचवाचा दंशही प्राणघातक ठरत असे. मूळचे जालना जिल्ह्यातले आणि महाडला सेवा देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरण्याची पद्धत रूढ केली, आणि आज वेळेत पोहोचलेला रुग्ण बहुधा वाचतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जंगलापासून दूर, गावाच्या हाकेच्या अंतरावर मुक्काम करावा. देवर्जनजवळचे हत्तीबेट आणि चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट दिवसा चढून पाहावे, खरोशाची लेणी पाहावी, आणि रात्र पायथ्याच्या ओळखीच्या शेतात काढावी. वडवळचे बेट औषधी वनस्पतींसाठी नावाजलेले आहे. तिथले एकही रोप उपटू नये. जागा सोडताना राख थंड झाल्याची हाताने खात्री करावी, दगड होते तिथे ठेवावे, आणि निघालो असे रानमालकाला व पोलीस पाटलाला सांगूनच गाडी सुरू करावी.