आधी नाला बघा, मग गटार

प्रश्न : हडपसर भागात चार हेक्टरवर लहान कारखान्यांचे गाळे बांधतोय. रस्त्याकडेचं पावसाळी गटार किती मोठं ठेवावं?

उत्तर : रुंदी नंतर ठरवू, आधी पाणी कुठे सोडणार ते सांगा. पुरात नाल्याची पातळी तुमच्या गटाराच्या तोंडापेक्षा वर गेली, तर पाणी उलटं आत येईल. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने पुण्याला काय दाखवलं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आता हिशेब. तासाला ६० मिलिमीटर पाऊस धरला आणि पत्रे, काँक्रीटमुळे ८५ टक्के पाणी वाहून आलं, तर सेकंदाला ०.५७ घनमीटर होतं. पाचशेला एक उतार असेल तर ९० सेंटिमीटर रुंद काँक्रीटचं गटार ६० सेंटिमीटर भरून वाहताना हे पाणी नेतं. वर १५ सेंटिमीटर मोकळे ठेवा. ६० मिलिमीटर हा आकडा उदाहरणापुरता. खरी तीव्रता हवामान खात्याच्या पर्जन्यनोंदींवरून काढून घ्या.

मोकळ्या माळावरून याच पावसात जेमतेम ०.२ घनमीटर आलं असतं. वाढीव पाणी शेजाऱ्यांच्या दारात लोटू नका. अर्ध्या तासाचा फरक साधारण ६६० घनमीटर; तेवढा साठवण तलाव सखल कोपऱ्यात बसवा. पुण्यात बऱ्याच ठिकाणी थोड्या खोलीवर काळा पाषाण लागतो, म्हणून खोदाईचा खर्च आधीच धरा.

यंत्रांचं तेलकट पाणी या गटारात अजिबात नको. झाकणं मात्र उचलता येतील अशीच करा. कायमचा स्लॅब टाकला की गाळ काढणार कोण?