सिकलसेल आणि जस्ताची बोटे

सिकलसेलचा आजार बालक आईवडिलांकडून जन्मतःच घेऊन येते. तरीही पहिले काही महिने त्याला कसलाही त्रास जाणवत नाही. या विलंबाचे कारण न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली सुचविले. गर्भावस्थेत बालकाच्या रक्तात निराळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते. ते भरपूर असेपर्यंत तांबड्या पेशी विळ्याचा आकार घेत नाहीत. जन्मानंतर ते घटत जाते, सदोष हिमोग्लोबिन त्याची जागा घेते आणि असह्य वेदना, रक्तक्षय व जंतुसंसर्ग यांचे चक्र सुरू होते.

हा पालट कोण घडवून आणतो? बोस्टन येथील डॉ. स्टुअर्ट ऑर्किन, डॉ. विजय शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली त्याचा उलगडा केला. मानवाच्या दुसऱ्या गुणसूत्रावर 'बीसीएल११ए' नावाचे जनुक आहे. जनुक म्हणजे प्रथिन घडविण्याचा आराखडा. या जनुकापासून घडणाऱ्या प्रथिनाच्या साखळीला ठिकठिकाणी बोटासारख्या घड्या असतात. प्रत्येक घडीच्या मुळाशी जस्ताचा एक अणू असतो व चार अमिनो आम्ले त्यास धरून ठेवतात. जस्त नसेल तर घडी टिकत नाही. याच बोटांनी हे प्रथिन गर्भकालीन हिमोग्लोबिनच्या जनुकाला पकडते आणि त्याचे काम थांबविते.

हा पहारा उठविला तर? नव्या उपचारात रुग्णाच्या मूळ रक्तपेशी काढून हे जनुक फक्त तांबड्या पेशींपुरते दुबळे केले जाते; कारण इतर पेशींना या प्रथिनाची गरज असते. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये त्यास मान्यता दिली. तथापि त्याचा खर्च प्रचंड असून त्यापूर्वी तीव्र औषधोपचारही सोसावा लागतो.

विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात हा आजार अनेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. तेथील रुग्णांसाठी हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आजही मोलाच्या आहेत. वैद्यकीय देखरेखीखाली नियमित घेतल्यास त्याही गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवितात. पतिपत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः निरोगी दिसतो. म्हणूनच विवाहापूर्वी केलेली साधी रक्ततपासणी पुढील पिढीच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.