मोदक, स्पर्धा आणि चौथा चरण

आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४७.

हा श्लोक आपल्या सगळ्यांना पाठ आहे, निदान पहिली ओळ तरी. त्याच्या चार चरणांत चार गोष्टी आहेत. कर्म करणं तुझ्या हातात आहे. फळ तुझ्या हातात नाही. फळावर डोळा ठेवून कर्म करू नकोस. आणि कर्म न करण्यातही गुंतू नकोस. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त या चार चरणांना कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटलंय. आपण मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या चरणापाशीच थांबतो. म्हणून आज चौथ्याबद्दल बोलूया.

माझी दहा वर्षांची भाची गेल्या गणपतीत सोसायटीच्या मोदक स्पर्धेसाठी माझ्या आईकडून, म्हणजे तिच्या आजीकडून, उकडीचे मोदक शिकत होती. आमच्या घरची कृती कुठेच लिहिलेली नाही, ती या हातातून त्या हातात आलीये. भाचीने वही काढली. दोन वाट्या ओलं खोबरं, एक वाटी गूळ, वेलची. जितकी तांदळाची पिठी तितकंच पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. इथपर्यंत सोपं होतं. मग आजी म्हणाली, “उकड गरम असतानाच मळायची.” किती गरम? “हाताला सोसेल इतकी.” किती वेळ? “तुझा हातच सांगेल.”

हात लगेच सांगत नाही. पहिल्या दिवशी पारीच्या कडा चिरल्या. दुसऱ्या दिवशी कळ्या छान पडल्या, पण तळ पातळ राहिला आणि वाफेवर सारण बाहेर आलं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, “आजी, माझं नाव काढून टाक. दुसऱ्या विंगमधल्या ताईच्या मोदकाला एकवीस कळ्या असतात. माझा नंबर येणारच नाही, मग करायचं कशाला?”

हाच तो चौथा चरण. वरवर वाटेल, तिने फळाची आशा सोडली. खरं तर फळ इतकं घट्ट धरलं होतं की ते मिळणार नाही म्हटल्यावर कर्मच नकोसं झालं. आपलंही असंच होतं. प्रमोशनसाठी अर्ज करत नाही आणि वर म्हणतो, “मला तशी हाव नाही.” हरण्याची भीती अशी भगवी वस्त्रं नेसून येते आणि आपण तिला वैराग्य समजतो.

आईने उपदेश केला नाही. एवढंच म्हणाली, “नाव ठेव नाहीतर काढ. उद्या बाप्पाला एकवीस मोदक लागणारच आहेत. तू वळणार आहेस, की मी एकटी वळू?”

दुसऱ्या दिवशी ती वळायला बसली. पारी मध्ये जाडसर, कडेला पातळ. बोटांना पाण्याचा हात. कळ्या अकराच, पण सारख्या. हळदीच्या पानावर ठेवून दहा-बारा मिनिटं वाफ. तिने विचारलं, “गोड बरोबर झालंय का, बघू?” पण नैवेद्य आधी चाखायचा नसतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना धडकी भरवणारी गोष्ट, टेस्टिंगशिवाय रिलीज! पण विचार करा, या नियमात केवढं शिक्षण आहे. माप, मळणं, वास, स्पर्श, जे जे आपल्या हातात आहे तिथे पूर्ण लक्ष द्यायचं. चव कशी लागली, ते खाणारा ठरवेल.

त्याच मोदकांतले पाच, नैवेद्य झाल्यावर, स्पर्धेच्या टेबलावर गेले. नंबर आला नाही. थोडी रडली. रात्री वहीत एक ओळ वाढली होती : “उकड अजून मळायची.”

आजचा अभ्यास : जमणार नाही म्हणून बाजूला ठेवलेलं एक काम आठवा. स्वतःला विचारा, याचा निकाल कधीच लागणार नसता, तरी मी हे केलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर आज त्याला अर्धा तास द्या.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥