पाणी शिळे होते का?

आपल्याकडे रोज सकाळी घागर आणि माठ रिकामा करतात. कालचे पाणी शिळे झाले म्हणून अंगणात ओतून देतात व ताजे भरतात. माझी आजी पण असेच करायची. पण २०१६ साली तिने ते बंद केले. का, ते सांगतो.

त्या वर्षी आपल्या लातूर जिल्ह्यात मोठा दुष्काळ होता. लातूर शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले. पाण्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात टाक्यांजवळ जमावबंदी केली होती. मग मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी आली. तिच्या १० डब्यांत ५ लाख लिटर पाणी होते. ऐकायला हे लई वाटते. पण २०११ च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार होती. मी भागाकार केला, बाईंनी तपासला. एका माणसाला दीड लिटरसुद्धा येत नाही! पुढे ५० डब्यांची गाडी येऊ लागली. तेव्हा माणशी साडेसहा लिटर, म्हणजे अर्धी बादली पण नाही.

आजीने लहानपणी १९७२ चा दुष्काळ पाहिला. ती म्हणते, तवा खायला नव्हतं, पण पाणी रेल्वेनं आणायची पाळी आली नव्हती.

रेल्वे पाहून लोक घाबरले आणि कामाला लागले. लातूरकरांनी ‘जलयुक्त लातूर’ चळवळ काढली, वर्गणी जमवली आणि मांजरा नदीतला गाळ उपसला. सुमारे १८ किलोमीटर पात्र खोल व रुंद केले. शेजारच्या अंबाजोगाई तालुक्यात वॉटर कप स्पर्धा होती. तिथे बायामाणसे टिकाव, फावडे, टोपली घेऊन उन्हात श्रमदानाला गेली.

बाई सांगतात, पृथ्वी तापत चालली आहे. म्हणून पाऊस थोड्या दिवसांत धो धो पडतो आणि मध्ये मोठा खंड पडतो. धो धो पाणी वाहून जाते, मुरत नाही. म्हणून ते अडवावे लागते.

पण त्याच वर्षी सप्टेंबरात खूप पाऊस झाला, धरण भरले. मग पुष्कळ लोक विसरले. उसाला पाणी लई लागते, तरी ऊस पुन्हा वाढला. मला याचे नवल वाटते. कारण ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची भीती आपल्या किल्लारीत अजून आहे. जाड दगडमातीच्या भिंतींची माळवदे आता सहसा कोणी बांधत नाही. भूकंपाने घर बांधायची रीतच बदलली. पाण्याची भीती मात्र पहिल्या पावसात जाते.

आमच्या शेजारी परत शिळे पाणी ओततात. आजी ओतत नाही. मी विचारले तर म्हणाली, “धरणात वरीसभर राहतंय ते शिळं व्हत नाही, अन् घागरीत एका रातीत कसं व्हतंय रं?”

घागरीत तळाला उरलेले ती कढीपत्त्याला घालते.