परसबागेतील पुष्प-फलांचा स्वकाल : आणे पठारावरील एक अभ्यासपाठ

प्रस्तावना

औषधी द्रव्य कोठून आणावे, कोणते अंग घ्यावे व ते केव्हा घ्यावे, या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोहोंची चर्चा आपल्या व्यवसायात पुष्कळ होते. तिसरा प्रश्न मात्र बहुधा व्यापाऱ्यावर सोपविलेला असतो. वर्षाच्या कोणत्याही महिन्यात यादी पाठवावी आणि आठ दिवसांत पोती यावीत, अशी सोय झाल्यामुळे द्रव्याला स्वतःचा असा एक काल असतो याचे भान क्षीण होत चालले आहे. हे भान पुन्हा जागे करण्यासाठी अरण्यातच गेले पाहिजे असे नाही. घरामागचे परस, त्यातील चार फुलझाडे व चार फळझाडे, एवढी सामग्री वर्षभर डोळसपणे पाहिली तरी पुरेशी आहे. प्रस्तुत लेखात आम्ही जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकावरील आणे येथील परसबागेच्या आधाराने हा विषय मांडीत आहोत.

भूमिविचार

कल्याण-अहिल्यानगर मार्गाने आळेफाटा सोडून पूर्वेस निघाले की घाट चढून आपण आणे पठारावर येतो. आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी ही या पठारावरील गावे. श्री रंगदास स्वामींच्या समाधीमुळे व तेथील आमटी-भाकरीच्या महाप्रसादामुळे आणे हे नाव जिल्हाभर परिचित आहे. भूमी उथळ, मुरमाड, पाऊस बेताचा, वारा भरपूर. पठार उंचावर असल्याने कालव्याच्या पाण्याचा लाभ त्यास सहजी होत नाही. बाजरी व कडधान्ये ही येथील पारंपरिक पिके. बोर, बाभूळ, कडुनिंब ही झाडे कोणी न लावता वाढतात. चरकाचार्यांनी वर्णिलेल्या जांगल देशाची बहुतेक लक्षणे येथे प्रत्यक्ष दिसतात.

याच तालुक्याच्या पश्चिमेस नाणेघाट व माळशेजच्या बाजूला अतिवृष्टीचा, दाट झाडीचा प्रदेश आहे. तेथील तसेच लगतच्या आंबेगाव तालुक्याच्या डोंगरातील आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा गोळा करतात. तेच फळ झाडावर राहू दिले तर हिवाळ्यात मोठा, पिवळा हिरडा मिळतो. एकच झाड, एकच अंग. परंतु काल बदलला की बाजारातले नाव, रूप व उपयोग सारेच बदलते. एका तालुक्याच्या दोन टोकांना दोन भिन्न देश नांदत असल्याने जुन्नर हा द्रव्यगुणाच्या अभ्यासकास उघडा ग्रंथच आहे. चरकाचार्य द्रव्यसंग्रहासाठी साधारण किंवा जांगल देश प्रशस्त मानतात, हे लक्षात घेता कोरडे म्हणून उपेक्षिलेले आणे पठार वैद्याच्या दृष्टीने उणे ठरत नाही.

संग्रहकालाविषयी शास्त्रमते

या विषयात ग्रंथांतरी एकवाक्यता नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात काही आचार्यांचे मत दिले आहे. त्यानुसार प्रावृट् ऋतूत मूळ, वर्षा ऋतूत पाने, शरदात साल, हेमंतात क्षीर, वसंतात सार व ग्रीष्मात फळ घ्यावे. सुश्रुताचार्य ते मत तेथेच अमान्य करतात व सौम्य द्रव्ये सौम्य ऋतूत आणि आग्नेय द्रव्ये आग्नेय ऋतूत घ्यावीत, असा स्वतःचा पक्ष मांडतात. राजनिघंटूत पुष्पांसाठी वसंत ऋतू सांगितला आहे. शार्ङ्गधराचार्य सर्व कार्यांसाठी शरदातील सरस द्रव्ये घेण्यास सांगतात व वमन-विरेचनाच्या द्रव्यांसाठी वसंताचा शेवट योजतात. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात पाने, मूळ, साल, कंद, क्षीर व सार यांचे काल नेमून दिले आहेत. पण पुष्प व फल यांच्यापाशी येताच कोणताही एक ऋतू न सांगता, ज्याचा जो ऋतू त्यात ते घ्यावे, असा निर्देश केला आहे.

यांतील कोणते मत व्यवहारात टिकते? आमच्या मते याचा निवाडा परसबागच करते.

परसातील वर्ष

वसंत (चैत्र-वैशाख) : पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पालवी व मोहोर हाताशी येतो. गूळ, जिरे, मिरे, हिंग, ओवा यांसह तो सेवन करण्याची रूढी कफप्रकोपाच्या या काळाला सर्वथा अनुरूप आहे. मोगरा याच सुमारास कळ्या धरू लागतो. बांधावर बहावा असल्यास वैशाखात तो पिवळ्या घोसांनी भरतो. त्याच्या शेंगा पक्व होण्यास मात्र पुढचा हिवाळा-उन्हाळा उजाडतो. चरकाचार्य बहाव्याच्या पक्व शेंगा सात रात्री वाळूत पुरून, मग उन्हात वाळवून त्यांतील मगज काढण्यास सांगतात. फूल पाहून शेंगेची मागणी नोंदविणाऱ्यास हा काल उमगलेला नसतो.

ग्रीष्म (ज्येष्ठ-आषाढ) : निंबोळ्या पिकून गळू लागतात. मोगरा मृगाच्या पावसापर्यंत साथ देतो. परसात या काळात नवे फळ फारसे नसते. सर्व फळे ग्रीष्मात घ्यावीत हे मत प्रमाण मानणाऱ्याची झोळी आण्याच्या परसात जवळजवळ रिकामीच राहील.

वर्षा (श्रावण-भाद्रपद) : पारिजातक फुलू लागतो व कार्तिकापर्यंत फुलतो. रात्री उमलून पहाटे गळणारे हे फूल सूर्य वर येण्यापूर्वी वेचून सावलीत वाळविले तरच देठाचा केशरी वर्ण टिकतो. गृध्रसी व जीर्णज्वरात वैद्य ज्याची पाने योजतात ते हेच झाड. त्याची पानेही वर्षा-शरदात भरदार असतात, उन्हाळ्यात झडतात. पारिजातकाचे फूल वसंतात शोधू गेल्यास मिळणार नाही. अर्थात पुष्पांसाठी सरसकट वसंत हा नियम येथे लागू पडत नाही.

शरद (आश्विन-कार्तिक) : पठारावर हस्ताच्या पावसाचे मोल मोठे. सीताफळे याच सुमारास डोळे उघडतात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातील, म्हणून संहितांत त्याचा शोध घेऊ नये. उवांसाठी बियांचे चूर्ण लावण्याचा घरगुती प्रघात आहे. ते डोळ्यात गेल्यास पारदर्शक पटलास गंभीर इजा होते, ही सूचना प्रत्येक चिकित्सकाने रुग्णास द्यावी. कार्तिक शुद्ध नवमीस आवळीपूजन होते व आवळ्याच्या हंगामाची चाहूल लागते.

हेमंत व शिशिर (मार्गशीर्ष ते फाल्गुन) : परसाचे खरे फलवैभव या चार महिन्यांत असते. आवळा भरतो. संक्रांतीच्या सुगडात व बोरन्हाणात गावठी बोर येते. शेवगा फुलतो आणि माघापासून शेंगा देऊ लागतो. जास्वंद तर पाणी मिळाल्यास बारमाही. औषधार्थ एकेरी, लाल फूल घेण्याची परंपरा आहे.

ही वर्षाची फेरी पाहता फुले व फळे यांच्या बाबतीत चरकाचार्यांनी एकच ऋतू का सांगितला नाही, हे स्पष्ट होते. प्रत्येक झाडाचा ऋतू त्या झाडावरच वाचावा लागतो.

आवळा : दिसणारा व न दिसणारा काल

आवळ्यास वसंतात बारीक, हिरवट-पिवळी फुले येतात. फलधारणाही तेव्हाच होते. पण तो गर्भ संपूर्ण उन्हाळा निद्रिस्त राहतो. झाडाकडे पाहून फळ धरले आहे असे वाटतही नाही. पावसाळा लागला की तो वाढीस लागतो व हिवाळ्यात पक्व होतो. म्हणजे आदानकाल झोपेत काढून विसर्गकालात पुष्ट होणारे असे हे फळ आहे. पावसाळ्याअखेर उतरविलेला आवळा आकाराने मोठा दिसला तरी कषाय रस प्रबळ व गर अपुरा असतो. च्यवनप्राशासाठी थंडी पडल्यावरचे ताजे फळ घेण्याची जुन्या वैद्यांची शिस्त यावर आधारलेली आहे.

येथेच आणखी एक मुद्दा. चरकाचार्यांनी च्यवनप्राशात आवळे ५०० या संख्येने सांगितले आहेत, तर इतर द्रव्ये मानाने. परसातील किंवा रानातील गावठी आवळा सुमारे १० ग्रॅमचा धरल्यास ५०० फळे ५ किलो होतात. निवड पद्धतीने तयार झालेल्या नव्या जातींचे फळ ४० ग्रॅमपर्यंत भरते. ५०० फळांचे २० किलो होतात. साखर, मध, तूप यांचे प्रमाण तेच ठेवून फळ बदलले तर पाक, स्वाद व टिकाऊपणा सारेच बदलते. म्हणून निर्मात्याने संख्येबरोबर एका फळाचे सरासरी वजनही नोंदवावे.

डाळिंब : माणसाने हलविलेला काल

आवळ्याचा काल निसर्गाने ठरविला. डाळिंबाचा काल माळी ठरवितो. डाळिंब वर्षभर थोडेथोडे फुलत राहते. दीड-दोन महिने पाणी तोडून झाडास ताण दिला, पानगळ झाली, मग खत-पाणी दिले की सर्व फुले एकदम येतात. यालाच बहार धरणे म्हणतात. आंबे बहाराची फळे साधारण जून ते ऑगस्टमध्ये, मृग बहाराची हिवाळ्याच्या आरंभापासून, तर हस्त बहाराची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. परसातील झाड मोरीच्या पाण्यावर वाढते, त्याला ताण मिळत नाही. म्हणून एकाच फांदीवर कळी, फूल व फळ एकत्र दिसतात.

मग डाळिंबाचा स्वकाल कोणता? आमचे मत असे की येथे महिना पाहू नये, परिणती पाहावी. चरकाचार्यांनी ग्राह्य द्रव्याचे निकष म्हणून गंध, वर्ण, रस, स्पर्श व प्रभाव पूर्णत्वास पोचलेले, तसेच ऊन, अग्नी, जल, वायू व जंतू यांनी न बिघडलेले, असे सांगितले आहे. कोणत्याही बहाराचे फळ या कसोटीस उतरले तर ते ग्राह्य होय.

मात्र जातीचा प्रश्न उरतो. पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात १९३६ साली डॉ. चीमा यांनी आळंदी प्रकारातून निवडलेला गणेश, व पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेला भगवा, या जाती मधुर रसाच्या व मऊ बियांच्या आहेत. खाण्यास त्या उत्तमच. परंतु भावप्रकाशात मधुर, मधुराम्ल व अम्ल असे डाळिंबाचे तीन भेद सांगून त्यांचे गुण निरनिराळे दिले आहेत. मधुर ते त्रिदोषघ्न, मधुराम्ल ते दीपन व रुचिकर, तर अम्ल ते पित्तकर व वातकफनाशक. दाडिमाष्टकासारख्या कल्पात आंबट दाण्यांची अपेक्षा असता गोड दाणे वाळवून घातल्यास नाव तेच राहील, कार्य राहणार नाही. आण्यासारख्या गावातून एखाद्या परसात अजून तग धरून असलेले आंबट गावठी डाळिंब म्हणूनच जपण्याजोगे आहे. त्याची फांदी सहज लागते. प्रत्येक वैद्याने एक तरी लावावी.

सालीविषयीही सावधगिरी हवी. व्यापारी बागांत तेल्या व इतर रोगांसाठी वारंवार फवारण्या होतात. रसाच्या दुकानांतून गोळा केलेली साल अतिसाराच्या चूर्णात जाणार असेल, तर तिच्यावरील औषधांचा अंश रुग्णाच्या पोटात जाण्याचा धोका पत्करला जातो. परसातील न फवारलेल्या फळाची साल थोडी मिळते, पण निःशंक मिळते.

ऋतुव्यापद

सुश्रुताचार्य सांगतात की ऋतू बिघडले की औषधी व जल बिघडतात व त्यातून रोग संभवतात. फाल्गुन-चैत्रातील अवकाळी पाऊस व गारपीट ही आता पठारावरील शेतकऱ्यास अपरिचित राहिलेली नाही. अशा वर्षी मोहोर झडतो, बहाव्याच्या शेंगांस बुरशी धरते, वाळवणीस घातलेले द्रव्य काळवंडते. विमानस्थानात पुनर्वसु आत्रेयांनी अग्निवेशास, भूमी विरस होण्यापूर्वी औषधी संग्रहित करण्याची आज्ञा केली आहे. चांगल्या वर्षी दीड वर्षाचा साठा नीट करणे, हा तिचा आजचा अर्थ होय. अर्थात ज्या द्रव्याचे वीर्य तितके टिकते त्याचाच.

व्यवसायात उपयोग

परसबाग औषधनिर्मितीस माल पुरवू शकणार नाही, हे उघड आहे. तिचे मोल नमुन्यासाठी आहे. त्या दृष्टीने आम्ही पुढील सूचना करतो.

१. प्रत्येक चिकित्सकाने आपल्या किंवा परिचिताच्या परसातील पाच झाडांची एक वही ठेवावी. पहिली कळी, पूर्ण बहर, फलधारणा, पक्वता व पानगळ यांच्या तिथी व तारखा लिहाव्यात. तीन वर्षांच्या नोंदीतून त्या गावाचा खरा ऋतू हाती येतो.

२. परसातून योग्य काली घेतलेले फूल, फळ व साल सावलीत वाळवून काचेच्या बरणीत, चिठ्ठीसह ठेवावे. बाजारातून आलेला माल प्रथम या नमुन्याशी रंग, गंध व चव यांनी ताडून पाहावा.

३. औषधनिर्मात्यांनी पुरवठादाराकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात : द्रव्याचे गाव, तोडणीचा महिना, जात, व वाळवण्याची रीत. महिना सांगता येत नसेल तर माल साठवणुकीतला आहे असे समजून परीक्षण अधिक काटेकोर करावे.

४. आवळा, पारिजातक व बाळहिरडा यांची वार्षिक खरेदी हंगामातच पूर्ण करावी. बिगरहंगामी खरेदीत भाव तर चढा असतोच, शिवाय मालाचा काल अज्ञात राहतो.

५. रुग्णास घरचे फूल वा फळ वापरण्यास सांगताना नुसते नाव सांगू नये. कोवळे की पक्व, गोड की आंबट, पहाटेचे की कोणत्याही वेळचे, हेही सांगावे.

उपसंहार

ग्रंथांतील मतभेद पाहून कालविचार अव्यवहार्य ठरविण्याची प्रवृत्ती दिसते, ती योग्य नाही. आचार्यांनी जे नियम केले ते कोणत्या ना कोणत्या भूमीवर उभे राहून केले. आपली भूमी कोणती, हे आपणच पाहावयाचे आहे. आण्याच्या मुरमाड परसात पाण्याच्या दोन घागरींवर वाढणारी आवळी आपल्या वेळेसच फळ देते. तिची ती वेळ ओळखून मगच हात पुढे करणे, हे वैद्याचे कर्तव्य होय. वाचकांनी आपापल्या गावच्या नोंदी पुढील वर्षभर ठेवाव्यात, म्हणजे प्रदेशनिहाय संग्रहकालाचे कोष्टक तयार करण्याचे काम आपणांस मिळून हाती घेता येईल.

इति शम्।