कास पठारावरील पुष्पवैभव

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, समुद्रसपाटीपासून अंदाजे १,२०० मीटर उंचीवर कासचे पठार पसरले आहे. सज्जनगडावर श्रीसमर्थांच्या समाधीचे दर्शन घेऊन अनेक भाविक भाद्रपद-आश्विनात येथेही येतात. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचा समावेश आहे. येथे ८५० हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद झाली आहे.

पठार जांभ्या खडकाचे असून त्यावर मातीचा थर अत्यंत पातळ आहे. त्यामुळे मोठे वृक्ष येथे मूळ धरू शकत नाहीत. पावसाळ्यात पाणी साचून भूमी दलदलीची होते आणि मातीतील पोषकद्रव्ये वाहून जातात. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘दवबिंदू’ ही वनस्पती पानांवरील चिकट केसांनी कीटक पकडते. निळसर-जांभळ्या फुलांची ‘सीतेची आसवे’ ओल्या मातीतील सूक्ष्म जीव आपल्या इवल्याशा पिशव्यांत ओढून घेते. सोनकीचा पिवळा, गेंदाचा पांढरा आणि तेरड्याचा गुलाबी रंग याच काळात पठारावर पसरतो. डबक्यांतून वर येणाऱ्या दुर्मीळ वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. टोपली कारवी तर साधारणतः सात वर्षांतून एकदाच फुलते.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण सर्वपरिचित आहे. येथील बहुतेक वनस्पतींचे आयुष्यही एका पावसाळ्यापुरतेच असते. फुलावे, बीज धरावे आणि ते मातीत सोडून सुकून जावे, हा त्यांचा जीवनक्रम होय. ते बीज आठ महिने ऊन सोसून पुढील पावसाची वाट पाहते. फूल खुडले की बीज धरत नाही. पायदळी तुडवल्याने पातळ माती घट्ट होते आणि कोवळे रोप मरते. कारवीच्या खुडलेल्या फुलाची भरपाई होण्यास तर पुन्हा सात वर्षे लागतात.

गौरीपूजनासाठी तेरडा मुळासकट आणण्याची प्रथा अनेक घरांत आहे. त्यासाठी घराजवळ, परसात विपुल उगवणारा तेरडा घेणे उचित; पठारावरील रोप उपटू नये. देवराईतील काडीही न तोडण्याची शिकवण पूर्वजांनी दिली आहे. तोच नियम भाविकांनी येथेही पाळावा, आखलेल्या वाटेनेच चालावे, प्लॅस्टिक परत न्यावे आणि फुले झाडावरच राहू द्यावीत.